पास्त्याची नोव्हेना

“...पण मीठ किती घालायचं, एवढं तरी सांगाल की नाही?”

ऑल्विनने हे आठव्या दिवशी विचारलं. पहिल्या दिवशी त्याने ते हसत विचारलं होतं.

इनास ब्रदर स्टुलावर बसले होते. उजवा हात मांडीवर, कुणीतरी सांभाळायला दिल्यासारखा ठेवलेला. पातेल्यातल्या पाण्याला उकळी फुटत होती, तिकडे त्यांचं लक्ष होतं.

“पुरेल... एवढं.”

ऑल्विनने पळी ओट्यावर आपटली नाही, नुसती ठेवली. पण कशी ठेवली ते मला दारापाशी ऐकू आलं.

मला त्या दोघांचाही राग येत होता. एक जण विचारायचं थांबत नव्हता, दुसरा सांगायचं मनावर घेत नव्हता, आणि या दोघांच्या नादात माझे मोहरीचे दोन वाफे उघडे पडले होते.

मी पास्कू. वसईला, समुद्राच्या जरा अलीकडे, आमचं साधनागृह आहे. लोक इथे तीन दिवस गप्प बसायला येतात आणि त्यासाठी महिनाभर आधी नाव नोंदवतात. मी इथला माळी. बावीस वर्षं झाली. विहीर, वाफे आणि पाला माझ्याकडे, बाकीचं देवाकडे.

हा सगळा खटाटोप फादर दोनातोंसाठी चालला होता. इटलीच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा खेड्यातून हा माणूस साठ वर्षांपूर्वी बोटीने इथे आला. मराठी शिकला, आमची लग्नं लावली, आमची माणसं पुरली, सुक्या बोंबलाचं कालवण खाल्लं, कशाला नाक मुरडलं नाही. आता वय एक्याण्णव. नाताळात खाटेला लागले ते लागलेच. आणि तेव्हापासून एकच मागत होते, आई करायची तसा पास्ता. कडू पाल्याचा. अखेरीला जीभ माहेरी जाते, असं माझी आई म्हणायची. ते पुरुषांनाही लागू आहे हे मला फादरांकडे बघून कळलं.

तो पास्ता या घरात एकाच माणसाला यायचा, इनास ब्रदरांना. तीस वर्षांपूर्वी फादरांनीच त्यांना शिकवला होता. बारीक रवा कोमट पाण्यात घट्ट मळायचा, त्याच्या बोटाएवढ्या वळ्या करायच्या, वळ्यांचे तुकडे पाडायचे, आणि एकेक तुकडा पाटावर अंगठ्याने दाबून ओढायचा नि उलटा करायचा. मग त्याला कानाचा आकार येतो. तिकडचा पाला इथे होत नाही, म्हणून मोहरीचा आणि मुळ्याचा कोवळा पाला निम्मा-निम्मा. वर शिळ्या पावाचा चुरा, तेलात परतून. बस, एवढंच.

दर गुरुवारी दुपारी हे व्हायचं. ब्रदर ताटली घेऊन जायचे, फादर जेवायचे, आणि ताटलीत नेमाने एक घास राहायचा. तो घास ब्रदर स्वयंपाकघरात परत येऊन उभ्याउभ्या खायचे. मला वाटायचं, टाकवत नाही यांना. माणूस चिकट आहे.

मग गेल्या डिसेंबरात, नाताळाच्या जरा आधी, ब्रदरांना झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला. आधीच बोलणं मोजकं, आता एकेक शब्द घशात अडकून यायला लागला.

ब्रदरांचा हात गेला आणि फादरांचं जेवण गेलं. पेज नेली तर दोन-चार चमचे घ्यायचे. मऊ भात नेला तर भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, दहा दिवस वाट बघू. पोटात नीट अन्न गेलं नाही तर शहरातल्या इस्पितळात नेऊन नाकातून नळी घालावी लागेल.

फादरांनी डॉक्टरांचं मनगट धरलं. “मला इथून हलवू नका,” म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, मग जेवा.

एवढ्या साध्या गोष्टीवर सगळं येऊन अडलं होतं.

म्हणून ऑल्विनला बोलावणं गेलं. ऑल्विन रुमाव आमच्याच गावचा, बारा वर्षं एका मोठ्या प्रवासी बोटीवर, तिथल्या इटालियन स्वयंपाकघरातला मुख्य आचारी. सुट्टीवर आला होता. आला तो सुऱ्यांची आणि मसाल्यांची पेटी घेऊनच आला. पेटी ओट्यावर उघडून त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कानाच्या आकाराचा ना, पाला घालून? एका दुपारचं काम आहे.

त्या एका दुपारच्या कामाला आज आठ दिवस झाले होते. आमच्यात नऊ दिवसांच्या प्रार्थनेला नोव्हेना म्हणतात. ही पास्त्याची नोव्हेना चालली होती, आणि प्रसाद एकट्या मला मिळत होता. कारण या घरात शिजलेलं अन्न टाकत नाहीत. फादरांकडे ताटली नेणारा मी, आणि परत आली की खाणाराही मीच.

पहिल्या दिवशी त्याने साय घातली, चीज घातलं आणि वर मोहरीची चार पानं उभी केली. ती अशी ऐटीत उभी होती की मला वाटलं, पुन्हा रुजतात की काय. मी ताटली घेऊन गेलो. फादरांनी दोन घास खाल्ले, माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, “छान.” आणि ताटली बाजूला सरकवली.

मी परत येऊन सांगितलं तर ऑल्विन खूश झाला. आवडलं ना, मग हळूहळू खातील, म्हणाला.

ब्रदरांचा चेहरा मात्र पडला.

“छान... म्हणाले?”

“हो.”

“मग नाही... जेवणार.”

ऑल्विनला वाटलं, ब्रदरांच्या पोटात हेव्याने दुखतंय. तसं तो बोलला नाही. भुवया बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्याने पाला वेगळा उकळला, झटकन बर्फाच्या पाण्यात टाकला, पिळून ठेवला. ब्रदर म्हणाले, एकाच पातेल्यात. पाला आधी, मग त्याच पाण्यात पास्ता. ऑल्विनने त्यांना लहान मुलाला समजावतात तसं समजावलं की अशाने पाल्याचा रंग जातो.

“जाऊ दे.”

असलं ताट बोटीवर परत येईल, ऑल्विन म्हणाला.

“इथेही... येतंच आहे,” ब्रदर म्हणाले.

तिसऱ्या दिवशी पास्ता किती शिजवायचा यावरून झालं. तो आत किंचित कडकच राहायला हवा, तिकडे असाच खातात, हे ऑल्विनचं म्हणणं. ब्रदरांनी बराच वेळ शब्द शोधला.

“फादरांना... दात किती?”

ऑल्विनला माहीत नव्हतं. सुट्टीवर आल्यापासून त्याने फादरांना पाहिलंच नव्हतं. मी सांगितलं, चार आहेत, वर तीन आणि खाली एक, आणि एकमेकांच्या समोर एकही नाही. त्या दिवशी दुपारी तो पहिल्यांदा फादरांच्या दाराशी जाऊन उभा राहिला आणि परत आला. पास्ता त्यानंतर मऊ झाला. ताटली तरी परतच आली.

पाचव्या दिवशी त्याने पाल्यात गूळ घातला. चोरून. मी पहिल्याच घासाला ओळखलं, कारण माझी बायको कारल्याच्या भाजीत तेच करायची. आपल्याकडे कडू दिसलं की हात गुळाच्या डब्याकडे जातो. मी चहाडी केली नाही. ब्रदरांनीच माझ्या ताटलीतला एक कान उचलून तोंडात टाकला आणि ते ऑल्विनकडे बघत राहिले.

“कडू लागत होतं म्हणून घातला,” ऑल्विन म्हणाला.

“कडूच... आहे ते.”

त्यानंतर दोघांचं बिनसलं. ऑल्विनने सहाव्या दिवशी लसूण दुप्पट केला, सातव्या दिवशी लाल मिरची, लिंबाची साल किसून, दोन प्रकारचं चीज. फादर म्हणाले, “छान. फार छान.” दोन घास. मला छातीत अशी जळजळ झाली की मी ब्रदरांना सांगितलं, फादरांच्या आधी मी इस्पितळात जाईन.

आणि आठव्या दिवशी पुन्हा मीठ किती.

पाटावर दोनशेएक कान मांडलेले होते. एकासारखा एक. ऑल्विनचा हात चांगला होता, ते कबूल करायला हवं. ब्रदर पाटाकडे बघत म्हणाले, “एवढे कान... केलेस. एकाने तरी... ऐकलंस का?”

ऑल्विनचा बांध तिथे फुटला.

त्याने आवाज चढवला नाही. पण जे आठ दिवस गिळलं होतं ते सगळं बाहेर काढलं. मीठ किती ते सांगत नाही. पाला किती वेळ ते सांगत नाही. तेल किती तापवायचं ते सांगत नाही. चुकलं की नुसते बघता. बोटीवर माझ्या हाताखाली चौदा जण आहेत, मी त्यांना सगळं लिहून देतो, ग्रॅमसकट. तिकडे तो माणूस उपाशी पडलाय आणि तुम्ही इथे कोडी घालताय.

“मला शिकवायचंच नाहीये तुम्हाला,” तो म्हणाला.

ब्रदर पाटाकडे वाकले.

त्यांनी डावा हात पुढे केला. पाटावर मळलेल्या रव्याची एक वळी उरली होती, तिचा तुकडा तोडला. डाव्या अंगठ्याने दाबला, ओढला. तो फाटला. दुसरा घेतला. तोही फाटला. तिसऱ्याचा कसलासा लगदा झाला आणि अंगठ्याला चिकटला.

मी त्या हाताने हजारो कान होताना पाहिले होते. म्हणजे त्या हाताने नाही, दुसऱ्या. मला तिथे उभं राहवेना आणि जाताही येईना.

“हाताला... माहीत होतं,” ब्रदर म्हणाले. “मला... नाही.”

ऑल्विन त्यांच्या मांडीवरच्या हाताकडे बघत राहिला...

पाणी उकळून अर्ध्यावर आलं होतं. मी शेगडी बारीक केली, कारण कुणीतरी करायला हवी होती.

शेवटी त्याने स्वतःच्या अंदाजाने मीठ टाकलं आणि त्या दिवशीचा पास्ता केला. लसूण तसाच, मिरची तशीच, चीज तसंच. सवयीला कान नसतात. मी ताटली नेली. फादर उशीला टेकून बसले होते, कालच्यापेक्षा लहान दिसत होते. दोन घास. “छान.” त्यांनी चमचा खाली ठेवला. डॉक्टर परवा येणार होते.

मी ताटली घेऊन परत आलो, टेबलावर ठेवली आणि नाइलाजाने खुर्ची ओढली.

ब्रदरांचा डावा हात मध्ये आला. त्यांनी ताटलीच्या काठावर बोटं टेकवली आणि ती माझ्या पुढ्यातून हळूहळू ऑल्विनच्या पुढ्यात सरकवली.

“खा.”

मी चाखलाय, ऑल्विन म्हणाला. दर वेळी चाखूनच पाठवतो.

“चाखलास... खा.”

मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. ऑल्विन खाली बसला. त्याने पहिला घास घेतला, आचारी घेतात तसा, डोळे अर्धे मिटून.

“कसा... आहे?”

“छान आहे,” ऑल्विन म्हणाला.

आणि तिथेच थांबला. आपण कुठला शब्द बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असावं. मी हसलो. ब्रदर हसले नाहीत. त्यांनी बोटानेच पुढे खा म्हणून सांगितलं.

तिसऱ्या घासापर्यंत ठीक चाललं होतं. पाचव्याला तो पाणी प्यायला. सातव्याला चीजचा तवंग ओठांना चिकटला, तो त्याने मनगटाने पुसला. आठव्याला लसणाचा ढेकर आला. त्यानंतर तो नुसता चमचा फिरवत राहिला. ताटली अर्धी भरलेली होती आणि तिच्याकडे बघणाऱ्या माणसाच्या पोटात दुपारी दोन वाजेपर्यंत एक चहा सोडून काही गेलेलं नव्हतं. म्हणजे भूक होती. खाववत नव्हतं.

“पहिला घास चांगला होता,” तो म्हणाला. बचाव करत होता की कबुली देत होता, सांगता येणार नाही.

“आणि... दहावा?”

ऑल्विन उठला. त्याने सुऱ्या पुसल्या, पेटीत लावल्या, पेटीची कडी घातली. मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. वाटेत मी त्याला समजावायचा प्रयत्न केला की ब्रदर माणूस म्हणून वाईट नाहीत. तो म्हणाला, त्याला माहीत आहे, आणि म्हणूनच जास्त संताप येतो. मग म्हणाला, बारा वर्षांत एकदाही त्याने आपण केलेलं ताट बसून संपवलेलं नाही. तिथे वेळच नसतो. तिथे चमच्याने चाखायचं, पुसायचं आणि पुढे पाठवायचं. जेवायला सगळे आचारी डाळभात करतात.

मला वाटलं, संपलं. आता परवा गाडी येणार, फादरांना घेऊन जाणार, आणि त्यांच्या खोलीची खिडकी मी बंद करणार. मी विहिरीवर जाऊन उगाचच दोन बादल्या पाणी काढलं आणि कुठल्याच वाफ्याला घातलं नाही.

नववा दिवस रविवार होता. चर्चमधली मिस्सा आटपून मी बागेत आलो तर ऑल्विन मोहरीच्या वाफ्यात उकिडवा बसून पाला काढत होता. मुळासकट. मी त्याच्यावर खेकसलो की शेंडे खुड, झाड उपटू नकोस, उद्यालाही काही ठेव. त्याने ऐकलं. पेटी त्याने आणलीच नव्हती.

कालपासून काही खाल्लं नाहीये, एवढंच तो म्हणाला. त्या ताटलीनंतर काही जाईना, आणि आता भुकेने डोकं दुखतंय.

स्वयंपाकघरात ब्रदर स्टुलावर होतेच. ऑल्विनने मान लववली आणि रवा काढला. नेहमी तो एका ताटलीपुरता काढायचा, वाटीने मोजून. आज त्याने डब्यातूनच परातीत ओतला.

“चौघांचं टाकतो,” तो म्हणाला. “मलाही जेवायचंय.”

ब्रदरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. कितीतरी वेळ ते उघडले नाहीत. झोपले होते की काय कोण जाणे.

ऑल्विनने एकही प्रश्न विचारला नाही. रवा मळला, कान केले. आज ते सगळे सारखे नव्हते, काही जाड, काही वाकडे, कारण त्याला घाई होती. पातेलंभर पाणी ठेवलं. मूठभर मीठ घेतलं, मुठीकडे बघितलं, अर्धं परत डब्यात टाकलं, अर्धं पाण्यात. मग पाला, देठांसकट. पाला पाण्यात बसला, काळपट झाला, आणि त्याचा कडसर वास सुटला. ऑल्विनने त्याच पाण्यात कान सोडले. कढईत तेल, दोनच पाकळ्या लसूण. एकदा त्याचा हात ओट्याच्या कोपऱ्याकडे गेला, जिथे पेटी असायची. तिथे काही नव्हतं. हात परत आला.

पावाचा चुरा एका बाजूने थोडा करपला. त्याने तो टाकला नाही.

ताटलीत जे पडलं ते दिसायला अगदीच गबाळं होतं. पाला कुठे संपतो आणि पास्ता कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं. रंग भिजलेल्या गवताचा. मी मनात म्हटलं, नऊ दिवसांनी हे.

मी ते घेऊन गेलो. फादरांना उठवून बसवलं, गळ्याशी फडकं बांधलं, ताटली मांडीवर दिली. त्यांनी पहिला घास घेतला.

मी “छान”ची वाट बघत उभा राहिलो.

त्यांनी दुसरा घास घेतला.

मग तिसरा. त्या चार दातांनी ते सावकाश चावत होते, मध्ये थांबत होते, पुन्हा चावत होते. एक कान चमच्यावरून घसरून फडक्यावर पडला, तो त्यांनी बोटांनी उचलून तोंडात घातला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणूस भुकेला असला की समोर कोण उभं आहे याची त्याला पर्वा नसते. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत राहिलो. मला खोकायची भीती वाटत होती.

अर्ध्या तासाने त्यांनी चमच्याने ताटलीतलं सगळं एका कडेला गोळा केलं. नीट, घासाएवढं. चमचा त्याच्या शेजारी ठेवला आणि ताटली माझ्या हातात दिली.

“पास्कू,” ते म्हणाले, “खिडकी लाव. वारा येतोय.”

मी खिडकी लावली. बाहेर आलो तेव्हा मला नीट दिसत नव्हतं, म्हणून मोहरीच्या वाफ्यापाशी जरा थांबलो, डोळे पुसले, आणि मग स्वयंपाकघरात गेलो.

ऑल्विन टेबलापाशी बसला होता. त्याच्या पुढ्यात त्याची स्वतःची ताटली होती, चाटूनपुसून रिकामी. तो उठून उभा राहिला.

“काय म्हणाले?”

“खिडकी लाव म्हणाले.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

स्टुलावर ब्रदरांनी डोळे उघडले.

मी ताटली टेबलावर ठेवली. ऑल्विन वाकला, तिच्यात बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. नऊ दिवसांचा शीण एकदम खांद्यावर आला असावा. तो खुर्चीत बसला.

“एक घास उरला,” तो म्हणाला. “आता काय चुकलं, ब्रदर?”

ब्रदर स्टुलावरून उठले. टेबलाला धरून आले. त्यांनी डाव्या हाताने ताटली स्वतःकडे ओढली, आणि मला वाटलं, आता नेहमीसारखे उभ्याउभ्या खातील. त्यांनी त्या घासाकडे बघितलं.

मग काठावर बोटं टेकवून त्यांनी ताटली ऑल्विनच्या पुढ्यात सरकवली.

“उरला नाही,” ते म्हणाले. “ठेवलाय.”